नाव छोटं करण्याआधी एक फोन करा

नवीन वर्ष सुरू झालं की मी वर्गात पहिल्या दिवशी हजेरी घेते. आपला वर्ग ऑनलाइन असल्यामुळे स्क्रीनवर प्रत्येकाच्या चौकोनाखाली नाव दिसतं. दोन वर्षांपूर्वी एका चौकोनाखाली फक्त एक इंग्रजी अक्षर होतं, 'जी'.

"तुझं पूर्ण नाव काय?" मी विचारलं.

तेरा वर्षांची मुलगी होती. ती म्हणाली, "टीचर, जीच म्हणा. सगळे तेच म्हणतात. माझं नाव कुणाला येत नाही."

त्या मुलीला आपण इथे ज्ञानदा म्हणू. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण अडचण अगदी हीच. मराठीत आपण 'ज्ञ' हे अक्षर 'द्न्य' असं म्हणतो. हिंदी बोलणारे तेच अक्षर 'ग्य' असं म्हणतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला डी, एन, वाय ही तीन अक्षरं एकापाठोपाठ येतात. मग शाळेतले शिक्षक हजेरी घेताना तिच्या नावापाशी थांबतात. वर्गात दोन सेकंद शांतता पसरते. कोणाचं नाव आलंय हे ज्ञानदाला तेवढ्यात कळतं. शिक्षकांनी तोंड उघडायच्या आत ती म्हणते, "जी. जस्ट जी."

तुमच्यापैकी कोणी न्यू जर्सीत राहतं, कोणी लंडनमध्ये, कोणी दुबईत. पण हजेरीतली ती दोन सेकंदांची शांतता तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीची असणार.

मी तिला "नाव बदलू नकोस" असं म्हटलं नाही. मी तिला एक गृहपाठ दिला. घरी जाऊन विचारायचं की तुझं नाव कोणी ठेवलं आणि का ठेवलं. माझं मत तेव्हाही असं होतं आणि आजही आहे: नाव छोटं करायचं की नाही, हे ज्याचं नाव त्याने ठरवावं. पण आपण काय छोटं करतोय, हे आधी माहीत असावं. आणि फक्त समोरच्याची सोय व्हावी म्हणून तर कधीच करू नये.

अर्थ शब्दकोशात मिळत नाही

"माझ्या नावाचा अर्थ काय?" असं विचारलं की आपण लगेच शब्दकोश उघडतो किंवा इंटरनेटवर शोधतो. ज्ञानदा म्हणजे ज्ञान देणारी. झालं! पण एवढंच पुरेसं आहे का? मला नाही तसं वाटत.

एक उदाहरण बघा. महर्षी कर्वे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्यभर काम केलं. 1958 साली त्यांना भारतरत्न मिळालं. त्यांचं पूर्ण नाव धोंडो केशव कर्वे. आता शब्दकोशात बघा, धोंडा म्हणजे मोठा दगड! मुलाचं नाव कोणी दगड ठेवतं का?

हो, ठेवत असत. जुन्या काळी महाराष्ट्रात धोंडू, दगडू, केरू, भिकू अशी नावं पुष्कळ असायची. तेव्हा खूप मुलं लहानपणीच आजारी पडून मरत. एकापाठोपाठ मुलं गेली की घाबरलेले आईवडील पुढच्या बाळाला मुद्दाम साधं किंवा वाईट नाव देत. त्यामागे समजूत अशी, की "हा तर दगड आहे, हा तर केर आहे" असं म्हटलं तर वाईट नजर त्याच्याकडे वळणार नाही आणि बाळ जगेल. वरवर कठोर वाटणाऱ्या या नावाच्या आत खूप माया असायची.

ही समजूत फक्त आपलीच नाही. चीनमधल्या गावांत बाळाला लाडाने कुत्र्याचं उष्टं अशा अर्थाचं नाव देत, म्हणजे संकट त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत आजारी बाळाला 'आल्टर' म्हणत. आल्टर म्हणजे म्हातारा. मृत्यू बाळाला शोधत आला, तर त्याला इथे म्हातारा सापडेल आणि तो गोंधळून परत जाईल! शिवाय त्या नावात एक आशाही होती, की हे बाळ खरोखरच म्हातारं होईपर्यंत जगू दे.

आता याच्या उलट उदाहरण बघू. साताऱ्याकडे काही मुलींचं नाव 'नकुशा' किंवा 'नकुसा' असायचं. नकुशा म्हणजे नको असलेली. घरात मुलगा हवा होता आणि पुन्हा मुलगी झाली, म्हणून हे नाव. 2011 साली सातारा जिल्ह्यात एक कार्यक्रम झाला आणि अशा 285 मुलींना नवीन नावं देण्यात आली. त्या मुलींनी आपलं जुनं नाव टाकलं, आणि माझ्या मते अगदी बरोबर केलं.

धोंडू आणि नकुशा ही दोन्ही नावं ऐकायला वाईटच आहेत. पण एक नाव ठेवणाऱ्याला बाळ हवं होतं आणि दुसरं ठेवणाऱ्याला ते नको होतं. हा फरक शब्दकोशात दिसत नाही. तो फक्त माणसांना विचारून कळतो. म्हणूनच मी "अर्थ काय?" याच्या आधी "कोणी ठेवलं आणि का?" असं विचारायला सांगते.

फॉर्मवरचे तीन चौकोन

तुम्ही म्हणाल, "पण टीचर, प्रत्येक फॉर्मवर फर्स्ट नेम, मिडल नेम आणि लास्ट नेम एवढंच असतं. आमचं नाव त्यात नीट बसत नाही."

खरं आहे. पण हे तीन चौकोन जगातल्या एकाच पद्धतीसाठी बनवलेले आहेत. नाव ठेवण्याच्या पद्धती मात्र कितीतरी आहेत.

आपली पद्धत घ्या. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. सचिन रमेश तेंडुलकर या नावात रमेश हे सचिनचे वडील. रमेश तेंडुलकर कवी होते आणि त्यांना संगीतकार सचिन देव बर्मन फार आवडायचे. म्हणून मुलाचं नाव सचिन! म्हणजे जगातल्या एवढ्या मोठ्या क्रिकेटपटूच्या नावात क्रिकेट नाहीच, एक गाणं आहे. आता महाराष्ट्र सरकारने नवा नियमही केला आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं आणि मग आडनाव. म्हणजे आपली पद्धतसुद्धा बदलते आहे.

आइसलँडमध्ये बहुतेक लोकांना आडनावच नसतं. तिथे वडिलांच्या किंवा आईच्या नावाला 'सोन' म्हणजे मुलगा, किंवा 'डोत्तिर' म्हणजे मुलगी, हा शब्द जोडतात. 1980 साली विग्दीस फिनबोगाडोत्तिर तिथल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांच्या नावाचा अर्थ 'फिनबोगीची मुलगी विग्दीस'. लोक त्यांना विग्दीस असंच म्हणत, कारण तिथे राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्याच नावाने हाक मारतात. टेलिफोनच्या पुस्तकातली यादीसुद्धा पहिल्या नावाप्रमाणे असायची.

घाना देशातले आकान लोक बाळाच्या जन्मवारावरून नाव ठेवतात. शुक्रवारी मुलगा झाला तर कोफी, शनिवारी झाला तर क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे प्रमुख असलेले कोफी अन्नान शुक्रवारी जन्मले. त्यांना जुळी बहीण होती, म्हणून त्यांच्या नावात 'आटा' म्हणजे जुळा हा शब्दही होता. नुसतं नाव ऐकून तिथल्या माणसाला जन्माचा वार कळतो आणि जुळं भावंड आहे हेही कळतं.

स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. प्रसिद्ध लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांचं गार्सिया हे वडिलांचं आडनाव आणि मार्केझ हे आईचं. आपण त्यांना नुसतं 'मार्केझ' म्हणतो तेव्हा वडिलांचं आडनावच गाळून टाकतो.

इंडोनेशियाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचं नाव एकच होतं, सुकार्नो. लहानपणी त्यांचं नाव कुस्नो होतं. ते सारखे आजारी पडायचे, म्हणून वडिलांनी नाव बदललं आणि महाभारतातल्या कर्णावरून नवं नाव ठेवलं. सुकार्नो या नावात आपला कर्ण आहे! पण फॉर्म भरताना अशा माणसाने आडनावाच्या चौकोनात काय लिहायचं?

एवढ्या सगळ्या नावांना तीन चौकोन कसे पुरणार? तुमचं नाव फॉर्ममध्ये बसलं नाही, तर फॉर्म लहान पडतोय असं समजा. नावाला दोष देऊ नका.

नाव कोण बदलतं?

अमेरिकेत एक गोष्ट फार सांगतात. पूर्वी बोटीने आलेले लोक न्यूयॉर्कजवळच्या एलिस आयलंडवर उतरायचे. तिथल्या अधिकाऱ्यांना त्यांची नावं कळायची नाहीत, म्हणून ते मनाला येईल ते सोपं नाव लिहायचे. ही गोष्ट खरी नाही. प्रवाशांच्या याद्या बोट निघते त्या बंदरातच तयार होत आणि एलिस आयलंडवरचे अधिकारी फक्त त्या यादीशी ताडून बघत. नावं बदलली हे खरं, पण ती बहुतेक वेळा लोकांनी स्वतः नंतर बदलली. नोकरी मिळावी, शेजारी हसू नयेत, मुलांना शाळेत त्रास होऊ नये, ही त्यामागची कारणं.

मॉरिशसमध्ये मात्र वेगळं घडलं. 1834 नंतर भारतातून जवळजवळ पाच लाख मजूर तिथे नेले गेले. त्यात मराठी माणसंही होती. मजुराने सांगितलेलं नाव कारकून आपल्या कानाला जसं ऐकू येईल तसं लिहायचा, आणि पुढे बऱ्याच घरांत पूर्वजाचं ते एकटं नावच आडनाव झालं. मॉरिशसच्या एका माजी पंतप्रधानांचं नाव अनेरूद जगनॉथ होतं. त्यांचे पूर्वज उत्तर भारतातले. नाव हळू वाचा. अनिरुद्ध जगन्नाथ! ऐकू येतंय ना?

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. मॉरिशसच्या मजुराला कोणी विचारलंच नव्हतं. तुम्हाला मात्र आज विचारतात. शाळेत, फॉर्मवर, ईमेलमध्ये, सगळीकडे "तुम्हाला काय म्हणू?" असं विचारणारे लोक आहेत. त्या मजुराला जे मिळालं नाही ते तुमच्या हातात आहे. मग ते घाईघाईने का द्यायचं?

माझ्या आजीलाही कोणी विचारलं नव्हतं. पूर्वी बऱ्याच मराठी घरांत लग्न झालं की मुलीचं पहिलं नावच बदलायचे. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीने नवीन नाव लिहायचा. सगळे टाळ्या वाजवायचे, पेढे वाटायचे. आजीचं तसंच झालं. सोळाव्या वर्षी ती दुसऱ्याच नावाची झाली. पुढे साठ वर्षं तिला माहेरच्या नावाने हाक मारणारी एकच व्यक्ती होती, तिची धाकटी बहीण. ती बहीण गेली त्या दिवशी आजी मला म्हणाली, "आता त्या नावाची मी कुठेच नाही." तेव्हा मी लहान होते. ती असं का म्हणाली, ते मला फार उशिरा कळलं.

म्हणून कोणी मला विचारलं, "नावात काय आहे?" तर मी म्हणते, "माझ्या आजीला विचारायला हवं होतं."

मग नाव बदलणं चूक आहे का?

नाही. हे मी स्पष्ट सांगते, कारण काही पालक मुलांना ओरडतात, "आम्ही एवढं छान नाव ठेवलं आणि तू त्याचं काय केलंस?" पालकांनो, आपल्या परंपरेतही नावं बदलत आली आहेत. लोकमान्य टिळकांचं जन्मनाव केशव होतं, पण घरात बाळ म्हणायचे आणि तेच नाव इतिहासात गेलं. लता मंगेशकर यांचं लहानपणीचं नाव हेमा. त्यांचं 'मंगेशकर' हे आडनावसुद्धा वडिलांनी, दीनानाथांनी, गोव्यातल्या मंगेशी गावावरून घेतलं होतं. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी बायबलमधली नावं मराठी करून टाकली. सॅम्युएलचा सामाजी झाला, आयझॅकचा इसाजी झाला. शिवाय गावांवरून पेणकर, रोहेकर अशी आडनावं घेतली. यात त्यांचं काही हरवलं का? उलट, नाव ऐकलं की ते ज्यू आहेत हेही कळतं आणि कोकणातले आहेत हेही.

यातला फरक लक्षात घ्या. टिळकांचं 'बाळ' घरातल्या मायेतून आलं. 'सामाजी' शेजाऱ्यांबरोबर राहता राहता झालं. पण हजेरीतल्या त्या दोन सेकंदांना घाबरून जे नाव आपण स्वतःला देतो, ते लाजेतून येतं. मित्रांनी प्रेमाने दिलेलं छोटं नाव जरूर वापरा. कॉफीच्या दुकानात पटकन सांगायला एखादं सोपं नाव ठेवलं, तरी माझी हरकत नाही. कपावरचं नाव पाच मिनिटांत कचऱ्यात जातं. पण वर्गात, दाखल्यावर, तुम्ही काढलेल्या चित्राखाली आणि तुम्ही जिंकलेल्या बक्षिसावर लाजेतून आलेलं नाव नको.

"लोकांना येत नाही"

हे कारण मला पटत नाही. आयर्लंडमध्ये मुलींचं एक नाव आहे, शिव्हॉन. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग एस, आय, ओ, बी, एच, ए, एन असं आहे. त्यात 'श' कुठे दिसतो? 'व्ह' कुठे दिसतो? तरी असंख्य इंग्रजी बोलणारे लोक ते नाव बरोबर म्हणतात. का? कारण शिव्हॉन नावाच्या मुली न कंटाळता ते सांगत राहिल्या. शिव्हॉन म्हणता येणाऱ्या जिभेला ज्ञानदा का म्हणता येणार नाही?

सांगायची पद्धत सोपी आहे. पहिल्याच दिवशी हजेरीच्या आधी शिक्षकांना भेटा. नाव तुकडे करून हळू म्हणून दाखवा. ते चुकले तर हसून एकदा, दोनदा, तीनदा दुरुस्त करा. थोडं चुकलं तरी चालेल. आपल्या 'ळ'साठी तुमची स्वतःची जीभ किती महिने धडपडत होती, आठवतंय ना? प्रयत्न दिसला की पुरे.

आणि एक गोष्ट आपणही करायला हवी. आपण आपल्या नावासाठी जेवढं मागतो, तेवढं दुसऱ्याला देतो का? तुमच्या वर्गात व्हिएतनामचा, नायजेरियाचा किंवा पोलंडचा कोणी असेल. त्याचं नाव तुम्हाला नीट म्हणता येतं का? ते कोणी ठेवलं, कधी विचारलंय? मराठीत एक गंमत आहे. 'नाव ठेवणं' म्हणजे बाळाला नाव देणं. पण 'नावं ठेवणं' म्हणजे दोष काढणं, टीका करणं. एका छोट्या टिंबाने सगळा अर्थ बदलतो! दुसऱ्याच्या नावाला नावं ठेवू नका. ते कोणीतरी विचार करून ठेवलेलं असतं.

ज्ञानदाने काय केलं?

गृहपाठ म्हणून ज्ञानदाने पुण्याला आजीला फोन केला. आजी हसली आणि म्हणाली, "मी नाही गं ठेवलं तुझं नाव. मला तर दुसरंच हवं होतं. बारशाला तुझी आत्या हटून बसली. तिलाच विचार." मग आत्याला फोन गेला. आत्या नर्सिंगच्या परीक्षेत आधी एकदा नापास झाली होती. ज्ञानदाचा जन्म झाला त्याच आठवड्यात तिचा दुसऱ्या वेळचा निकाल लागला आणि ती पास झाली. ती म्हणाली, "ही पोरगी माझ्यासाठी ज्ञान घेऊन आली. नाव मीच ठेवणार!"

पुढच्या वर्गात ज्ञानदा हे सांगताना हसत होती. "टीचर, म्हणजे माझ्या नावात आत्याचा रिझल्ट आहे!"

बघा, 'ज्ञान देणारी' हा अर्थ इंटरनेटवर दोन सेकंदांत मिळाला असता. आत्याचा निकाल कुठल्याच पानावर मिळाला नसता.

तिने 'जी' पूर्ण सोडलं का? नाही. तिचे मित्र अजून तिला जी म्हणतात, आणि तिला ते आवडतं. पण आता तिच्या चौकोनाखाली पूर्ण नाव असतं. शाळेत हजेरीच्या वेळी शिक्षक थांबले की ती थोडी वाट बघते आणि मग म्हणते, "द्-न्या-न-दा."

तुमचं नाव कोणी ठेवलं? माहीत नसेल, तर आज रात्री फोन करा. आजी, आजोबा, आत्या, मामा, जे कोणी असतील त्यांना विचारा. ही माणसं कायम फोन उचलायला असणार नाहीत. आधी त्यांचं सगळं ऐका, आणि मग तुमच्या नावाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

नवीन शब्द

हजेरी – वर्गात कोण आलं आहे ते नाव घेऊन तपासणं
समजूत – लोक खरं मानतात अशी गोष्ट
ढुंकूनही न बघणं – अजिबात लक्ष न देणं
ताडून बघणं – दोन गोष्टी जुळतात का ते तपासणं
माहेर – लग्न झालेल्या स्त्रीच्या आईवडिलांचं घर
बारसं – बाळाला नाव देण्याचा कार्यक्रम
हटून बसणं – आपलंच म्हणणं धरून ठेवणं

विचार करा आणि लिहा

1. धोंडू आणि नकुशा या दोन नावांमध्ये लेखिकेला काय फरक वाटतो? तुम्हाला तो पटतो का?
2. आजी "आता त्या नावाची मी कुठेच नाही" असं का म्हणाली असेल?
3. कॉफीच्या दुकानात वेगळं नाव सांगितलेलं चालतं, पण वर्गात नको, असं लेखिका म्हणते. तुमचं मत काय आहे? दोन कारणं लिहा.
4. घरच्यांना फोन करून तुमच्या नावाची गोष्ट विचारा आणि दहा वाक्यांत लिहा. मग वर्गातल्या दुसऱ्या भाषेच्या एका मित्राला किंवा मैत्रिणीला त्यांच्या नावाची गोष्ट विचारा आणि तीही लिहा.